पोरीचे डबे फेकलेत, उसातल्या पाकिटाचं काय?

शिरोळ तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी बारावी सायन्स झालेली, मेडिकल प्रवेशाची नीट परीक्षा दोनदा दिली, 720 पैकी पहिल्यांदा 287 आणि दुसऱ्यांदा 334. पुढं ते लिहितात, "तिला बुरशीचा नाद लागलाय. फ्रिजमागं डबे लपवते, वर चिठ्ठ्या चिकटवते, एकावर तर 'ज्वारीची भाकरी, दिवस 6, काळी टोकं' असं लिहिलेलं. मी सगळे उकिरड्यावर टाकले. आता तिसऱ्यांदा नीटला बसवू का कॉर्डिसेप्स मशरूमची लॅब काढून देऊ? युट्यूबवर बघितलंय, माल कंपनीच परत घेते म्हणे. पैशाची ओढाताण आहे, यंदा उसाला मुळं खाणारी हुमणी अळी लागली, मेटारायझियमची आळवणी दोनदा करायला लागली."

दादा, मार्कांचं नंतर बघू, मी त्या उकिरड्यापाशीच अडकले. दिवस 6 म्हणजे पोरगी सहा दिवस रोज डबा उघडून बघत होती. काळी टोकं म्हणजे बहुतेक रायझोपस, पांढऱ्या कापसासारख्या धाग्यांवर बारीक काळे ठिपके येतात ते. बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला हीच स्लाइड असते आणि निम्म्या पोरांना त्यात नक्की काय बघायचं तेच कळत नाही, आणि तुमची पोरगी कुणी न सांगता दिवस मोजून नोंद ठेवत होती. स्वयंपाकघरात असले डबे नकोत हे तुमचं बरोबरच आहे, घरात कुणाला दमा असेल तर अजिबातच नकोत, पण गोठ्याशेजारी एक फळी ठोकून देता आली असती की. फेकताना ती समोर होती का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. मला वाटतं होती.

आणि मेटारायझियम म्हणजे काय ओ? बुरशीच आहे ती! दुकानातनं पाकीट आणून तुम्ही उसाच्या बुडात बुरशीच ओतलीय, तीही पैसे देऊन. ती हुमणीच्या अंगावर रुजते, कातडीतनं आत शिरते, अळी मरून कडक होते आणि मग तिच्यावर हिरवी भुकटी धरते. शेतात उकरून बघा, सापडली तर पोरीला दाखवा. आल्याच्या आणि हळदीच्या कंदकुजीवर लोक ट्रायकोडर्मा वापरतात, तीही बुरशीच. ही पाकिटं कुणीतरी प्रयोगशाळेत वाढवतं, शुद्ध आहे का तपासतं, कुठला वाण जास्त चालतो ते शोधतं. त्या लोकांना पगार मिळतो, दादा.

आता कॉर्डिसेप्स. तुमचा मोठा गैरसमज असा की बुरशीपासूनचं औषध म्हणजे औषधी मशरूम वाळवून डबीत भरून विकणं. व्हिडिओत भाव सांगतात हिमालयातल्या कीडाजडीचा, जी उंचावर अळीच्या अंगातनं उगवते, आणि तुमच्या खोलीत बरणीत तांदळावर वाढवायला देतात तिची दुसरीच चुलतबहीण. माल परत घेणारी कंपनी वर्षभरानं फोन उचलेल का, हे कागदावर कोण लिहून देतंय का बघा, मी तरी पाच पैसे घालणार नाही. बुरशीतली खरी औषधं वेगळ्या वाटेनं आली. किडनी बदलल्यावर शरीरानं ती नाकारू नये म्हणून देतात ते सायक्लोस्पोरिन नॉर्वेतल्या मातीत सापडलेल्या बुरशीतलं. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांतली बाजारात आलेली पहिली, 1987 ची लोवास्टॅटिन, तीही बुरशीतलीच. पेनिसिलिन फ्लेमिंगना 1928 मध्ये दिसलं हे सगळ्यांना पाठ असतं, पण ते भरपूर बनवायला लागणारा जोरदार वाण सापडला 1943 मध्ये, अमेरिकेत पिओरिया गावच्या बाजारातल्या एका बुरसटलेल्या खरबुजावर. ते खरबूज कुणी उकिरड्यावर टाकलं नाही एवढंच.

आपल्या भागात तर या विषयाला काम पडलंय. तोडणी झाली की पाचट पेटवतात, धुरानं डोळे चुरचुरतात. त्या पाचटातलं लिग्निन, म्हणजे काडीला ताठ ठेवणारा चिवट भाग, नीट पचवणारे जीव मुख्यतः बुरशीच, आणि धिंगरी मशरूम त्यातलंच एक. इचलकरंजीच्या कापड रंगवणाऱ्या कारखान्यांतनं येणाऱ्या रंगाच्या पाण्याचं तुम्हाला शिरोळकरांना मी काय सांगू, पंचगंगा तुमच्याच तालुक्यातनं पुढं कृष्णेला मिळते. लिग्निन फोडणारी या बुरशींची एन्झाइम्स कापडाचे रंगही फोडतात, हे प्रयोगशाळांत दिसलंय, आणि आपल्या शिवाजी विद्यापीठातही सूक्ष्मजीवांनी रंगाचं पाणी साफ करण्यावर बरंच काम झालंय. प्रयोगशाळेतलं ते नाल्यावर आणायचं अजून बाकी आहे, माणसं लागणार ती तिथंच. दवाखान्यातही लागतात, 2021 ची ब्लॅक फंगस आठवा, नमुना मायक्रोस्कोपखाली ठेवून ओळखणारं कुणीतरी होतंच की.

वाट साधी आहे: बीएस्सी मायक्रोबायोलॉजी किंवा बॉटनी, नाहीतर सीईटी देऊन बीएस्सी अ‍ॅग्री आणि पुढं प्लांट पॅथॉलॉजी, म्हणजे पिकांच्या रोगांचा अभ्यास, मग एमएस्सी प्रवेशाची जॅम, संशोधनासाठीची नेट वगैरे परीक्षा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत देशाचा बुरशींचा संग्रह आहे, हिमाचलात सोलनला मशरूमची राष्ट्रीय संस्था आहे, ही नावं पोरीला सांगून ठेवा. लगेच पैसा नाही हेही ऐका, एमएस्सीपर्यंत पाच-सहा वर्षं जातात, नुसत्या बीएस्सीवर पगार किरकोळ असतो. जेआरएफ, म्हणजे संशोधन करताना मिळणारी फेलोशिप, मिळाली तर महिना 37,000 मिळतात, पण ती सगळ्यांना मिळत नाही.

तिसऱ्यांदा नीटला बसवू नका. 287 वरनं 334, आणि तेही सगळं वर्ष घालवून, यात डॉक्टर व्हायची हौस तिची नाही तुमची दिसते, पत्रात "तिला काय वाटतं" असं एक वाक्य नाही. मशरूमच करून बघायचं असेल तर दहा पिशव्या धिंगरीच्या करा, काड भिजवा, वाफवा, थर देऊन स्पॉन, म्हणजे मशरूमचं बी, घाला, महिन्याभरात कळतं. लाखाची लॅब नको, आणि बटण मशरूमच्या तर नादाला लागू नका, त्याला एसी लागतो, लाइटबिलातच जाल. पावसात बांधावर उगवलेलं काहीबाही तिला चाखू मात्र देऊ नका.

पुढचं पत्र तिला लिहू दे, तुम्ही वाचायचं नाही. त्या भाकरीच्या डब्याला झाकण होतं का फडकं बांधलेलं, आणि सातव्या दिवशी तिला काय दिसेल असं वाटत होतं, एवढं तिच्याकडनं कळवा.