जुन्या मारुती झेन एमपीएफआयचा (पेट्रोल इंजेक्शनवाली झेन) आयडल, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन फिरण्याचा वेग, आपोआप वाढतो, मेकॅनिक इंजेक्टर बदला म्हणतो. आधी काय तपासावं?

इंजेक्टरला इतक्यात हात लावू नका. आयडल ८००-९०० च्या जागी १२००-१५०० आरपीएमवर (मिनिटाला फेरे) अडकत असेल, तर आधी थ्रॉटल केबल ओढलेली नाही ना ते पाहा आणि मग हवेची गळती शोधा. या गाडीत मॅप सेन्सर असतो, म्हणजे ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब बघून पेट्रोल ठरवतो. चोरवाटेने हवा आत आली की दाब वाढतो, पेट्रोलही वाढतं आणि आरपीएम चढतो. एअर मास सेन्सरवाल्या गाडीत उलट होतं: ती हवा मोजलीच जात नाही, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन थरथरतं.

इंजिन चालू ठेवून व्हॅक्यूमचे पाइप एकेक करून पक्कडीने हलके दाबा. ज्याच्यावर आरपीएम खाली येतो, तो पाइप किंवा त्याच्या पुढचा भाग दोषी. ब्रेक बूस्टरचा जाड पाइप आणि पीसीव्हीचं (इंजिनातली वाफ परत आत ओढणाऱ्या व्हॉल्व्हचं) रबर आधी बघा. वीस वर्षांत रबर कडक होऊन टोकाला चिरतंच. पाइप ठीक निघाले तर मॅनिफोल्ड गॅस्केट आणि इंजेक्टरच्या ओ-रिंग (रबरी कड्या) तपासा. तिथे कार्ब क्लीनर फवारायचा सल्ला सर्रास मिळतो, पण गरम एक्झॉस्टशेजारी तो पेट घेऊ शकतो. जवळ स्मोक टेस्टचं मशीन असलेलं गॅरेज असेल तर सरळ तिथे जा, धूर जिथून निघेल तिथेच गळती.

यात कुठेच गळती निघाली नाही, तर आयडल एअर कंट्रोल व्हॉल्व्ह (आयडलची हवा कमीजास्त करणारा) काढून साफ करा.