चकली ४०० रुपये किलो परवडते का? वाचकांचे धंद्याचे प्रश्न

या वेळी पत्रं खूप आलीत, दिवाळी नुकतीच झाली म्हणून असेल, फराळाच्या ऑर्डरी करून दमलेल्या बायकांची तर सहा-सात पत्रं जवळपास एकसारखीच आहेत. त्यातलं एक पूर्ण घेतेय, कारण तिने आकडे लिहिलेत, आणि आकडे लिहिले की उत्तर देता येतं.

प्रश्न: काकू नमस्कार, मी इंदूरला सुदामानगरात राहते, तीन वर्षं झाली भाजणीची चकली आणि मेतकूट घरून करून देतेय. यंदा दिवाळीला चकलीचीच ४० किलोची ऑर्डर झाली, मी आणि माझ्या जाऊबाई ६ दिवस रोज ९ तास लागलो होतो. ४०० रुपये किलोने दिली. सामान, तेल, गॅस, पॅकिंग सगळं मिळून किलोला २२० पडतात म्हणजे १८० सुटायला पाहिजेत ना, पण दिवाळी संपली तर हातात काहीच नाही, मिस्टर रोज विचारून राहिलेत की मिळालं काय. ३ किलो चकली तुटली ती शेजारीपाजारी वाटून टाकली, पोहोचवायला पेट्रोल ४०० चं लागलं. ११ किलोचे पैसे यायचेत पण लोक ओळखीचे, मागायला कसंतरी वाटतं. भाव वाढवला तर गिऱ्हाईक तुटेल. पामतेलातली स्वस्त आणि शेंगदाणा तेलातली महाग अशी दोन प्रकारची करू का? आणि सामान सियागंजच्या घाऊक बाजारातून आणलं तर फरक पडेल का?

उत्तर: सगळ्यात आधी, तुम्ही आणि जाऊबाईंनी ६ दिवसांत ४३ किलो चकली तळली, हे लहान काम नाही. आता वही घ्या, तुमचेच आकडे मांडते. विकली ४० किलो, पण केली ४३, कारण तुटलेल्या ३ किलोलाही डाळ-तांदूळ-तेल तेवढंच लागलं. म्हणजे खर्च ४३ गुणिले २२०, ९,४६० रुपये, त्यात पेट्रोल ४००. पैसे आले फक्त २९ किलोचे, ११,६००. वजा करा, उरले १,७४०. मिस्टरांना जे दिसतंय ते हेच. उधारी सगळी वसूल झाली तरी ६,१४० होतात, आणि तुम्ही दोघींनी मिळून दिलेत १०८ तास, म्हणजे तासाला ५७ रुपयेसुद्धा नाही.

तुमच्या २२० मध्ये सामान आहे, गॅस आहे, पिशवी आहे, फक्त तुम्ही दोघी नाही आहात. हे आपल्या बायकांचं फार होतं, मी पण पहिली चार वर्षं हेच केलं, घरातच तर करतेय त्याचे काय पैसे धरायचे असं वाटायचं. आणि मग एक दिवस मदतीला बाई ठेवायची वेळ आली तेव्हा कळलं की तिला द्यायला पैसेच निघत नाहीत, कारण भावात मजुरी कधी धरलीच नव्हती. म्हणून मजुरी धरायची, स्वतःची धरायची, आणि ती अशी धरायची की उद्या तुमच्या जागी दुसरी कोणी बसली तर तिला देता येईल. तासाला १०० धरा, १०८ तासांचे १०,८००. त्यात ९,४६० आणि ४०० मिळवा, २०,६६०. भागिले ४० किलो, ५१६ रुपये. हा तर नुसता खर्च झाला, पुढच्या वर्षी मोठी कढई घ्यायची तर तिच्यासाठी थोडं वर लागेलच ना. तेव्हा ५६० ते ५७० च्या खाली तुम्हाला परवडत नाही, ४०० ला तुम्ही गिऱ्हाइकाला प्रत्येक किलोमागे शंभरावर रुपये स्वतःच्या खिशातून देत होतात.

गिऱ्हाईक तुटेल का? थोडं तुटेल, खोटं कशाला सांगू. पण भाव ऐन दिवाळीत वाढवू नका, नवरात्रातच मेसेज टाका की यंदा भाव इतका, ऑर्डर अमुक तारखेपर्यंत, निम्मे पैसे आधी. आणि पाव किलोचं पाकीट ठेवा १५० चं, ज्यांना किलोचा भाव ऐकून जड वाटतं ते पाव-अर्धा किलो घेतात, आणि चव आवडली की परत येतात.

दोन प्रकार मात्र नका करू. लिज्जत पापड सगळ्यांना माहीत आहे, पण सुरुवात कशी झाली ते बघा. १५ मार्च १९५९ ला गिरगावात ७ बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, पहिल्या दिवशी ४ पाकिटं झाली. त्यांनीही आधी दोन प्रतीचे पापड केले होते, एक चांगला, एक स्वस्तातला. ज्यांनी ते पैसे दिले होते त्या छगनलाल पारेखांनी, म्हणजे छगनबापांनी, सांगितलं की एकच प्रत ठेवा आणि तीच सांभाळा, आणि हिशोब नीट लिहा. पामतेलातली चकली ज्याच्या घरी जाईल तो काही सांगणार नाही की ही स्वस्तातली होती, तो एवढंच म्हणेल की सुदामानगरच्या त्यांची चकली, तोंडात तेलकट लागते. नाव तर तुमचंच जाणार.

लिज्जतचीच अजून एक गोष्ट मला फार आवडते. पहिल्या पावसाळ्यात त्यांना ४ महिने काम बंद ठेवावं लागलं, पापड वाळेचनात. पुढच्या वर्षी त्यांनी काय केलं, एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला, पापड खाटेवर आणि स्टोव्ह खाली, आणि काम चालू राहिलं. म्हणजे अडतंय कुठे ते त्यांनी बरोबर ओळखलं आणि तेवढ्यावरच पैसा घातला. तुमचं कुठे अडतंय? सियागंजात डाळ-तांदूळ-तीळ घाऊक घेतले तर थोडं स्वस्त पडेल, जरूर जा, पण सामानातले दहा-वीस रुपये वाचून हे गणित सुटणार नाही. तुमचे तास कुठे जातात ते एक दिवस घड्याळ लावून बघा. माझ्या अंदाजाने सोऱ्यावर जातात, त्यात हात भरून येतो आणि शेवटी शेवटी चकली तुटायला लागते, ती ३ किलो बहुतेक तिथलीच. भाजणी आठ दिवस आधी करून ठेवता येते, मग तळणाच्या दिवशी एकीने पाडायची, एकीने तळायची, दर तासाने बदलायचं. तरीही हात पुरत नसतील तर पहिला खर्च चकली पाडायच्या मशीनवर करा, छापील डब्यांवर नको.

उधारीबद्दल. मी सुरुवातीला एका दुकानदाराकडे मेतकुटाची ४० पाकिटं ठेवली होती, पुढच्या आठवड्यात देतो म्हणत सहा महिने गेले, मग दुकानच दुसऱ्याने घेतलं आणि माझे पैसे बुडाले ते बुडाले. त्या दिवसापासून नियम केला, सख्खी बहीण असली तरी आधी पैसे मग पिशवी. तुमचे ११ किलोचे ४,४०० आहेत, आज बसून एकेकाला मेसेज करा, लाजायचं काही कारण नाही, "दिवाळीच्या चकलीचे अमुक रुपये राहिलेत, या नंबरवर टाकाल का" एवढंच लिहा. बहुतेक लोक विसरलेले असतात हो, वाईट नसतात. आणि हो, घरून विकत असलात तरी एफएसएसएआयचं, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याचं, रजिस्ट्रेशन लागतं, ते करून घ्या, छोट्या धंद्यासाठीचं सोपं आहे आणि ऑनलाइन होतं.

प्रश्न: नमस्कार ताई, सांवेर रोडला माझं छोटं वर्कशॉप आहे, ५ कामगार, पिथमपूरच्या एका कारखान्याला पार्ट करून देतो. काम भरपूर आहे पण पेमेंट चार-चार महिने येत नाही, पगाराला दर वेळी उसनवारी. ओरडलो तर ऑर्डर जाईल. काय करू?

उत्तर: दादा, धंदा वाढला म्हणून पैसा संपला असं खरंच होतं, जितका जास्त माल द्याल तितका तुमचा पैसा दुसऱ्याकडे अडकत जातो. आधी हे बघा की उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आहे का, नसेल तर आजच करा, आधार-पॅनवर ऑनलाइन होतं आणि फुकट होतं, कोणा एजंटला पैसे देऊ नका. कारण २००६ च्या एमएसएमई कायद्यात लघु आणि सूक्ष्म उद्योगाचे पैसे देण्याची मुदत ठरलेली आहे, लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, करार नसेल तर १५. त्यापुढे गेलं की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढीने. आणि २०२३-२४ पासून इन्कम टॅक्समध्येही आलंय की मुदत उलटून वर्षअखेर तुमची बाकी राहिली तर त्या कारखान्याला तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, पैसे देतील त्या वर्षीच धरता येतो. म्हणून आता मोठ्या कंपन्यांचे अकाउंटवाले स्वतःहून उद्यम नंबर मागतात.

पण लगेच तक्रार करा असं मी म्हणणार नाही, सरकारकडे ऑनलाइन तक्रार करता येते, पण ते शेवटचं. आधी प्रत्येक बिलावर उद्यम नंबर आणि देय तारीख छापा आणि बिल त्यांच्या खरेदीवाल्याला नाही तर अकाउंट्सच्या माणसाला पाठवा, अर्धी पेमेंटं नुसती टेबलावर पडून राहतात. मग ट्रेड्सबद्दल विचारा, म्हणजे छोट्या उद्योगांना बिलावर आधीच पैसे मिळवून देणारा ऑनलाइन प्लॅटफॉर्म, वर्षाला २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना त्या प्लॅटफॉर्मवर असणं बंधनकारक आहे, तिथे तुमचं बिल कंपनीने मंजूर केलं की बँका बोली लावतात, थोडं व्याज कापून पैसे एक-दोन दिवसांत तुमच्या खात्यात, आणि पुढे कंपनीने उशीर केला तरी बँक तुमच्या दारात येत नाही. चार महिन्यांच्या उसनवारीपेक्षा ते व्याज कितीतरी कमी पडेल, तुमच्या सीएकडून ताळा करून घ्या.

खरी दुखरी जागा वेगळीच आहे, तुमच्या पत्रात एकाच कारखान्याचं नाव आहे. ओरडलो तर ऑर्डर जाईल ही भीती त्यातूनच येते. येत्या वर्षात दोन गिऱ्हाइकं अजून जोडा, लहान असली तरी चालतील, रोख देणारी हवीत. पाच घरं तुमच्या पगारावर चालतात, त्यांचा पगार दुसऱ्याच्या मर्जीवर राहायला नको.

प्रश्न: ताई, मी २१ वर्षांची आहे, महेश्वरी साड्यांच्या कतरणीतून बटवे बनवायचा स्टार्टअप करायचाय. चार महिने झाले नाव आणि लोगो फायनल होत नाहीये, इन्स्टा पेज कधी सुरू करू?

उत्तर: अगं, बटवे किती झाले ते लिहिलंच नाहीस. आधी २० शिव, आणि मंडळाच्या हळदीकुंकवाला किंवा मराठी जत्रेत एक टेबल मांडून अनोळखी बायकांना विक, मावशी-आत्यांना नको, त्या नाही म्हणणारच नाहीत. कोणता रंग आधी जातो, नाडी लहान वाटते का, आत मोबाइल मावतो का, हे त्या दोन तासांत कळेल. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर किती चांगला होता, पण लोखंडाने जमीन नासते असं शेतकऱ्यांना वाटायचं, पहिला नांगर विकायला त्यांना दोन वर्षं लागली. त्यांची अडचण नावाची नव्हती, विश्वासाची होती, आणि विश्वास वस्तू हातात पडल्यावरच बसतो. नाव ठरलं की ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर फुकट शोधून बघ, आधीच कोणाचं नाही ना, म्हणजे पुढे बदलायला नको.

प्रश्न: काकू, मी २७ वर्षांचा, विजयनगरला आयटीत नोकरी आहे. भंवरकुआंला कोचिंगची एवढी मुलं आहेत, तिथे पिठलं-भाकरी, वरणभात असं घरगुती मराठी जेवण सुरू करायचंय. बाबा म्हणतात नोकरी सोडलीस तर बोलणार नाही. जोखीम घेतल्याशिवाय कोणी मोठं होतं का?

उत्तर: अरे, बाबांवर रागावू नकोस, ते घराचा हप्ता डोळ्यासमोर ठेवून बोलतायत. आणि जोखमीचं म्हणशील तर निरमावाले करसनभाई पटेल बघ, गुजरात सरकारच्या खनिज विभागात केमिस्ट होते, १९६९ मध्ये घराच्या मागे पावडर बनवायला लागले आणि सायकलवरून दारोदार ३ रुपये किलोने विकायचे, नोकरी चालू ठेवून! तीनेक वर्षांनी मागणी नक्की झाली तेव्हा नोकरी सोडली.

तू पण शनिवार-रविवार करून बघ. घरून ३० डबे, दोन महिने, एफएसएसएआय रजिस्ट्रेशन आधी. डबा किती रुपयांचा जातो हे मुलांना विचारू नकोस, विकून बघ, महिन्याच्या शेवटी मुलांकडे पैसे नसतात तेव्हा किती जातात ते खास लिहून ठेव. अ‍ॅपवर टाकशील तर कमिशन कापून हातात किती येतं ते प्रत्येक ऑर्डरचं लिही. भाकरीचं एक आधीच सांगते, ती गरमच चांगली लागते, डब्यात तासाभराने कडक होते, तेव्हा एकतर मुलांना तिथेच वाढ नाहीतर डब्यात पोळी दे. आणि भाकऱ्या आईच करणार असेल तर तिचे तास पण धर, वर सुदामानगरच्या ताईंना सांगितलंय तसेच. दोन महिन्यांनी वही घेऊन बाबांसमोर बस, नुसतं स्वप्न घेऊन नको, आकडे घेऊन बस. ते आकडे मला पण पाठव, मी बघून देईन.