मॅन्झनारला जाताना

प्रश्न : एप्रिलमध्ये आम्ही उभयता मुलाकडे लॉस एंजलिसला जाणार आहोत. कॅलिफोर्नियातच मॅन्झनार येथे असलेली दुसऱ्या महायुद्धातील छावणी पाहून येऊ, असे सूनबाईंनी ठरवले आहे. अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये आम्ही गेलो, तेव्हा कोणाला वंदन करतो आहोत हे ठाऊक होते. जपानी लोकांच्या छावणीशी आपला काय संबंध? परक्यांच्या दुःखाच्या जागी सहलीला गेल्यासारखे तर होणार नाही? तेथे काही वाहण्याची पद्धत आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपला संकोच सभ्यपणाचा आहे, मात्र त्यातील ‘जपानी’ हा शब्द आधी दुरुस्त करायला हवा. मॅन्झनारमध्ये डांबलेल्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश लोक जन्माने अमेरिकी नागरिक होते. फेब्रुवारी १९४२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी काढलेल्या आदेशानंतर जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना, आरोप न ठेवता आणि खटला न चालवता, दहा छावण्यांत स्थानबद्ध करण्यात आले. अंदमानचा विषय आपणच काढलात म्हणून सांगतो : तेथील राजबंदी सरकारविरुद्ध उभे ठाकले होते आणि त्याची किंमत जाणून होते, येथील शेतकऱ्याने, मच्छीमाराने, शाळकरी मुलीने काहीच केले नव्हते. तेव्हा वंदनासाठी एखादा वीर शोधू नये.

पाहायचे असते ते राहणे. चौदाव्या ब्लॉकमधील बराकी मूळ नमुन्यानुसार पुन्हा उभारल्या आहेत. वीस फूट बाय पंचवीस फुटांच्या एका खोलीत आठ माणसे, एक शेगडी, एक दिवा आणि फळ्यांच्या फटींतून आत येणारी वाळवंटी धूळ. तेथेच बायकांचे शौचगृहही आहे : ओळीने मांडलेली भांडी, मध्ये आडोसा नाही. कित्येकजणी रात्र होण्याची वाट पाहत, कोणी पुठ्ठ्याचे खोके आडोशाला घेऊन जाई. पत्नीसह तेथे थोडे थांबा; माहितीफलक मागाहून वाचले तरी चालतील.

सहलीची भीती मनात असेल, तर ही वाट कोणी पाडली तेही ऐका. छावणी नोव्हेंबर १९४५ मध्ये बंद झाली. पुढे वर्षानुवर्षे दोन धर्मगुरू, एक बौद्ध व एक ख्रिस्ती, येथील मृतांसाठी नेमाने येत राहिले. छावणीत राहिलेले आईवडील या विषयावर घरात मुलांपाशी अवाक्षर काढत नसत; अखेर डिसेंबर १९६९ मध्ये, कडाक्याच्या थंडीत, सुमारे दीडशे लोक येथे जमले आणि त्यांत तरुणांचा भरणा मोठा होता. तेव्हापासून ही वार्षिक यात्रा चालू आहे. हल्ली ती एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी भरते, सर्वधर्मीय प्रार्थना होते आणि त्यात परक्यांनाही मज्जाव नसतो. आपला मुक्काम तोवर असेल, तर सूनबाईंना तोच दिवस सुचवा.

वाहण्याविषयी : दफनभूमीत १९४३ साली स्थानबद्धांनीच बांधलेला पांढरा स्तंभ आहे, त्यावरील तीन जपानी अक्षरांचा अर्थ ‘आत्म्यांच्या सांत्वनाचा मनोरा’ असा होतो. त्याच्या पायाशी लोक नाणी आणि कागदी बगळे ठेवतात, कोणी पाणीही ठेवतो. हार-नारळाचा घाट घालू नये. तेथून खडा किंवा गंजलेला खिळाही उचलू नये, ते कायद्याने निषिद्ध आहे. पाणी मात्र घरूनच न्यावे. पिण्यासाठीही लागेल, ठेवण्यासाठीही.