लेझरनंतर अक्षराला सावली का दिसते?

मोतीबिंदूचं ऑपरेशन आणि त्यानंतर लेझर झालेल्या पेशंटांकडून एक तक्रार मी सतत ऐकते. "आता धुरकट दिसत नाही, पण एकाचे दोन दिसतात. लेझरनं काही बिघडलं का?" डॉक्टरांनी तपासून ६/६, म्हणजे तक्त्यावर नॉर्मल, दिसतंय असं सांगितलेलं असतं. त्यानं धीर यायच्या ऐवजी माणूस जास्तच घाबरतो. सगळं ठीक असेल तर मला हे काय दिसतंय, असं त्याला वाटतं.

अशाच एक काकू मुलाला घेऊन आल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली होती. पहिलं वर्ष छान गेलं, मग हळूहळू धुकं आलं. यॅग लेझर झालं आणि धुकं गेलं. मात्र टीव्हीवरच्या अक्षरांखाली फिकी दुसरी ओळ दिसायला लागली. चंद्राला जोडून अर्धा चंद्र दिसायचा. डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू होता, पण त्याचं ऑपरेशन आता नकोच, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

मुलाला वाटत होतं की मोतीबिंदू परत आला आणि लेझरनं लेन्स खराब झाली. मोतीबिंदू परत येत नाही. ऑपरेशनात गढूळ भिंग काढतात, पण त्याचं मागचं पातळ आवरण ठेवतात, कारण कृत्रिम लेन्सला त्याचाच आधार असतो. उरलेल्या काही पेशी महिन्यांनी, कधी वर्षांनी त्या आवरणावर वाढतात आणि ते गढूळ होतं. लेझरनं त्याच्या मधोमध एक खिडकी उघडतात. काही मिनिटांचं काम असतं, टाके वगैरे काही नसतात. १९८०च्या आसपास हे लेझर आलं. त्याआधी हेच आवरण डोळ्यात सुई घालून फाडावं लागायचं. लेझरचे बारीक ठिपके कधी कधी लेन्सवर पडतात, पण बहुतेकदा त्यांचा नजरेवर परिणाम होत नाही.

मग सावली कशाची? इथे मी काकूंना बोलतं केलं.

"दोन दिसतं म्हणजे दोन वेगवेगळे चंद्र दिसतात, की एकाच चंद्राला चिकटून फिकी कड दिसते?"

"चिकटूनच. खाली, जरा उजवीकडे."

"आता डावा डोळा झाका. सावली राहते?"

"राहते."

"आणि उजवा झाकला तर?"

"मग एकच दिसतो. अंधूक, पण एकच."

माझ्या मते ही तपासणी प्रत्येकानं डॉक्टरांकडे जाण्याआधी घरीच करावी. एक डोळा झाकूनही उघड्या डोळ्याला सावली दिसत असेल, तर कारण त्याच डोळ्यात असतं. कुठलाही एक डोळा झाकला की दुहेरी दिसणं थांबत असेल, तर दोन्ही डोळ्यांची जुळणी बिघडलेली असते. जुना तिरळेपणा मोतीबिंदूमुळे झाकलेला असतो आणि नजर सुधारल्यावर उघड होतो, किंवा दोन डोळ्यांच्या नंबरांत फार फरक पडलेला असतो. अशी दुहेरी दृष्टी अचानक सुरू झाली आणि सोबत पापणी खाली आली किंवा डोकं जोरात दुखू लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. ते दुखणं वेगळं असू शकतं.

काकूंची सावली एकाच डोळ्याची होती. पापण्या चार-पाचदा मिटल्यावर ती क्षणभर पुसट व्हायची आणि संध्याकाळी वाढायची. हे कोरडेपणाचं लक्षण. अश्रूंचा थर तुटक असला की प्रकाश नीट वळत नाही, आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर हा त्रास सुरू होऊ शकतो किंवा वाढू शकतो. बारीक छिद्राच्या पट्टीतून बघायला दिलं तर सावली जवळजवळ गेलीच. म्हणजे मागच्या पडद्यापेक्षा (रेटिना) पुढच्या भागावर, बुबुळाच्या गोलाईवर आणि चष्म्यावर, संशय जास्त.

"लांबचा चष्मा कुठाय?" मी विचारलं.

"तो केलाच नाही. ऑपरेशननंतर चष्मा लागत नाही ना? वाचायला तयार मिळतो तो घेतलाय."

फाईल उघडून बघितली. ६/६ लिहिलेलं होतं, पण चष्म्यासह. तपासणीच्या खोलीत तिरका नंबर (सिलिंडर, म्हणजे बुबुळाची गोलाई सगळीकडे सारखी नसल्यानं लागणारा) लावून त्या शेवटची ओळ वाचत होत्या आणि घरी त्या नंबराविना वावरत होत्या. तयार चष्म्यात तिरका नंबर नसतो. शिवाय तक्त्यावर पांढऱ्यावर ठसठशीत काळी अक्षरं असतात. गडद पडद्यावरच्या उजळ अक्षरांची सावली त्यावर कळत नाही. माणूस "मला नीट दिसत नाही" म्हणतो तेव्हा तक्ता दाखवून त्याला गप्प करणं मला पटत नाही.

सावली लेझरनंतरच का जाणवली, हा मुलाचा प्रश्न रास्त होता. ती बहुधा आधीपासूनच असावी. धुक्यात सगळंच पुसट होतं, त्यात अक्षराची दुसरी कड कशी कळणार?

डॉक्टरांनी बाहुली मोठी करून पुन्हा तपासलं. लेन्स जागेवर होती, सरकलेली किंवा तिरकी झालेली नव्हती. लेझरची खिडकी पुरेशी मोठी होती. ती लहान राहिली तर अंधारात बाहुली पसरल्यावर तिच्या कडांमुळे दिव्यांभोवती फाटे दिसू शकतात. मागच्या पडद्याला सूज नव्हती. लेझरनंतर क्वचित ती येते, म्हणून हे बघावंच लागतं.

मुलाचा आग्रह होता, "लेन्सच बदलून टाका." हे मात्र आधी कळायला हवं. लेझरनं मागचं आवरण उघडलं की लेन्स बदलणं जास्त अवघड आणि जोखमीचं होतं. लेन्सबद्दलच नाराजी असेल, उदाहरणार्थ मल्टिफोकल (जवळचं आणि लांबचं दोन्ही दाखवणारी) लेन्स बसवल्यापासून दिव्यांभोवती वलयं दिसतात आणि ती सहनच होत नाहीत, तर ते लेझरला होकार देण्याआधी डॉक्टरांना बोलून दाखवा. काकूंना तशी गरजच नव्हती.

त्यांना डोळ्यापुढे दोन-तीन काळे धागे तरंगतानाही दिसायचे. लेझरनंतर असे धागे दिसतात आणि बऱ्याचदा मन त्यांच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतं. पण ठिपक्यांचा अचानक पाऊस, विजेसारखे लखलखाट किंवा बाजूनं सरकत येणारा काळा पडदा, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. डोळ्याचा मागचा पडदा सुटत असू शकतो. डोळा लाल होऊन दुखणं आणि नजर कमी होणं यालाही हाच नियम.

कृत्रिम अश्रूंचे थेंब आणि तिरक्या नंबराचा चष्मा सुरू झाल्यावर टीव्हीवरची दुसरी ओळ गेली. चंद्राची कड थोडी उरलीय. तेवढं चालेल, म्हणाल्या. आता डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनचा विषय त्यांनी आपणहून काढला आणि तिरका नंबर भरून काढणारी टोरिक लेन्स बसेल का, असं विचारलं. ते बुबुळाच्या मोजमापावर ठरेल, आणि कोरड्या डोळ्यावर ते मोजमाप चुकू शकतं. म्हणून डॉक्टरांनी मोजणी पुढे ढकललीय. तोवर दोन्ही डोळ्यांत थेंब चालू आहेत.