पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर धावून थांबल्यावर नाडी मिनिटभरात १६५ वरून १४० वर येते, हे ठीक आहे का?

हो, २५ ठोक्यांची उतरण चांगली आहे. काळजी करू नका.

थांबल्याबरोबर व्हेगस नस (मेंदूकडून हृदयाकडे येणारी नर्व्ह) हृदयाला लगाम घालते. पहिल्या मिनिटातली घसरण बहुतांशी तिचीच. १९९९ साली क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी ट्रेडमिल चाचणीनंतर पहिल्या मिनिटात १२ किंवा त्याहून कमी ठोके उतरणं ही धोक्याची खूण मानली. तो आकडा मात्र थांबल्यावर सावकाश चालत राहणाऱ्यांचा. लगेच आडवं झालात तर नाडी जास्त उतरते, म्हणून रोज एकाच पद्धतीने मोजा.

आपल्याकडे मे महिन्यात घाम सुकतच नाही. अंग थंड करायला रक्त त्वचेकडे वळतं आणि नाडी चढीच राहते. तेव्हा मेचा आकडा जानेवारीच्या पहाटेशी ताडून बघू नका. मनगटावरचं घड्याळही नाडी दाखवताना कधीकधी मागे राहतं. अंगठ्याखाली मनगटावर दोन बोटं ठेवून १५ सेकंद मोजा, चाराने गुणा.

बीटा-ब्लॉकर (नाडी मंद करणाऱ्या) गोळ्या चालू असतील तर हे आकडे तसेच लावू नका, डॉक्टरांना विचारा. उतरण वारंवार १२ च्या आत राहिली तरी दाखवून घ्या. छातीत दुखलं किंवा भोवळ आली तर आकडे बघत बसू नका, १०८ ला फोन करा किंवा थेट गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ) गाठा.