क्लबच्या मॅचचा हिशोब: एक्सेल सोडून डेटाबेस करावा का?

प्रश्न: नमस्कार सर, आमच्या क्रिकेट क्लबचं सगळं रेकॉर्ड मी एक्सेलमध्ये ठेवतो. दर सीझनला नवी शीट. आता झालंय असं की एकाच प्लेअरचं नाव तीन-तीन प्रकारे टाईप झालंय, ओव्हर्सची बेरीज कधी जुळतच नाही आणि कुणी विचारलं की आतापर्यंत माझ्या टोटल विकेट किती, तर अख्खी संध्याकाळ शीट उघडण्यात जाते. मुलगा म्हणतो डेटाबेस करा. मला प्रोग्रॅमिंग येत नाही, जमेल का?

उत्तर: जमेल, नक्की जमेल, आणि प्रोग्रॅमिंगची गरज नाही. फक्त लगेच सॉफ्टवेअर डाउनलोड करू नका, आधी कागद-पेन घेऊन बसा, कारण सगळं काम तिथंच आहे. ग्राउंडवर जे घडलं ते एकदाच आणि एकाच ठिकाणी लिहायचं, आणि जे त्यातून मोजून काढता येतं ते लिहून ठेवायचंच नाही. टोटल रन, ॲव्हरेज, पॉइंट टेबल हे सगळं मोजायचं. आत्ता तुम्ही ते टाईप करताय म्हणून एक स्कोअर दुरुस्त केला की चार शीट चुकतात.

डेटाबेस म्हणजे एकमेकांना जोडलेली टेबलं, तुम्हाला अशी चार टेबल पुरतील. खेळाडू, सामने, डाव आणि कामगिरी. खेळाडूंच्या टेबलात प्रत्येकाला एक आयडी नंबर द्या आणि बाकी सगळीकडे नावाऐवजी तो नंबरच वापरा, म्हणजे नाव एकदाच टाईप होतं आणि स्पेलिंगचा घोळ मुळातूनच संपतो. जर्सी नंबर आयडी म्हणून घेऊ नका हं, एकजण क्लब सोडून गेला की तोच नंबर दुसऱ्याला मिळतो आणि मग दोघांच्या विकेट एकत्र होतात. सामन्यांमध्ये तारीख, समोरची टीम, ग्राउंड. तारीख 2024-11-03 अशी आधी वर्ष मग महिना मग दिवस लिहा, तशी लिहिली की साधं सॉर्ट केलं तरी क्रम बरोबर लागतो. आणि कामगिरी हे मुख्य टेबल, त्यात एका मॅचमध्ये एका प्लेअरची एक ओळ: रन, किती बॉल खेळला, बाद की नाबाद, किती बॉल टाकले, किती रन दिले, विकेट किती.

आता ओव्हर्सचं. 4.3 ओव्हर दिसायला दशांश आहे पण तो दशांश नाहीच, तो 4 ओव्हर आणि 3 बॉल आहे. 4.3 आणि 3.4 ची बेरीज एक्सेल 7.7 देणार, आणि 7.7 ओव्हर असं काही अस्तित्वातच नसतं. बॉल लिहा: 27 आणि 22, झाले 49, म्हणजे 8.1 ओव्हर. डेटाबेसमध्ये फक्त बॉल ठेवा, ओव्हर दाखवताना 6 ने भागून पूर्ण ओव्हर आणि उरलेले बॉल असे दाखवा, तुमचा बेरीज न जुळण्याचा त्रास इथंच संपतो. नेट रन रेट काढत असाल तर टीम ऑल आउट झाली की पूर्ण कोट्याच्या ओव्हर धरायच्या असतात, म्हणजे 20 ओव्हरच्या मॅचमध्ये 18.2 ला ऑल आउट झाले तरी 120 बॉल, म्हणून डावाच्या टेबलात ऑल आउट झाले की नाही हा कॉलम हवाच.

शून्य आणि रिकामं यातला फरक पण फार सांभाळा. शून्यावर आउट झाला तो वेगळा आणि ज्याची बॅटिंगच आली नाही तो वेगळा, त्याची जागा रिकामी सोडायची, 0 टाकायचा नाही. बॅटिंग ॲव्हरेज काढताना एकूण रनना कितीदा बाद झाला त्याने भागतात, किती डाव खेळला त्याने नाही.

मोजता येतं ते लिहू नका म्हटलं खरं, पण दोन गोष्टी मुद्दाम लिहा. एक, जिंकलं कोण. पावसामुळे टार्गेट बदललं किंवा समोरची टीम आलीच नाही तर नुसत्या रनवरून विजेता कळत नाही. दुसरं, डावाचा टोटल स्कोअर आणि एक्स्ट्रा, स्कोअरबुकात आहेत तसेच. बॅटर्सचे रन अधिक एक्स्ट्रा टोटलशी जुळले नाहीत तर एंट्री चुकली हे तेव्हाच कळतं, यासारखी दुसरी तपासणी नाही.

सॉफ्टवेअर म्हणाल तर एसक्यूलाइट घ्या. फुकट आहे, 2000 सालापासून आहे, अख्खा डेटाबेस एका फाईलमध्ये बसतो, आणि डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे त्यात एक्सेलसारख्या चौकटी दिसतात. एंट्रीला छान फॉर्म हवा असेल तर लिबरऑफिस बेस बघा. नसलेल्या खेळाडूचा आयडी टाकू न देणारी फॉरेन की तपासणी एसक्यूलाइटमध्ये सहसा आपोआप चालू नसते, ती चालू आहे का बघून घ्या. जुन्या शीट सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या साध्या मजकुराच्या फाईल, करून आत आणता येतात, सेव्ह करताना यूटीएफ-8 ही अक्षरं साठवायची पद्धत निवडा नाहीतर मराठी नावांची पार वाट लागते. आणि सगळी वर्षं एकदम नको, आधी फक्त चालू सीझन भरा, आकडे स्कोअरबुकाशी जुळले की मग मागे जा.

प्रश्न: एंट्री आम्ही दोघं करतो. ही फाईल शेअर फोल्डरमध्ये ठेवली तर चालेल का?

उत्तर: नको. नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये फाईलचं लॉकिंग, म्हणजे एकजण लिहीत असताना दुसऱ्याला थांबवणं, नेहमी नीट चालेलच असं नाही आणि दोघांनी एकाच वेळी लिहिलं तर फाईल खराब होऊ शकते. आपोआप सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये तर दोन वेगवेगळ्या कॉपी तयार होतात आणि खरी कुठली ते कळत नाही. एकानं एंट्री करायची, दुसऱ्यानं स्कोअरबुक घेऊन तपासायचं, हेच बरं, तसंही तपासणारा दुसराच असावा. दोघांनी लिहायचंच असेल तर मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेससारखा सर्व्हरवाला डेटाबेस लागेल, पण एका क्लबसाठी मी तरी ते मागे लावून घेणार नाही. बॅकअप मात्र प्रत्येक मॅचनंतर घ्या, प्रोग्रॅम बंद करून फाईल कॉपी करायची, नावात तारीख टाकायची आणि ती कॉपी एकदा उघडून बघायची.