डायल-अपचे (फोन लाईनवरून नंबर लावून चालणाऱ्या इंटरनेटचे) जुने मोडेम आयएसपीने, म्हणजे इंटरनेट देणाऱ्या कंपनीने, अपग्रेड करावेत का? अजूनही थोडे लोक वापरतात म्हणून विचारतोय

स्पीड वाढवायला म्हणून एक रुपयाही घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आहे ते चालू ठेवण्यापुरता खर्च करावा, तोही गिऱ्हाईक दुसऱ्या कनेक्शनवर जाईपर्यंतच.

मी २०००च्या आसपास एका छोट्या आयएसपीत सपोर्टला होतो, नाव राहू दे. आमची सर्व्हर रूम म्हणजे स्लॉटेड अँगलच्या रॅकवर ओळीने मांडलेले एक्स्टर्नल मोडेम, खाली अडॅप्टर आणि वायरींचं जंजाळ आणि समोर टेबल फॅन, कारण उन्हाळ्यात ते तापून लाल व्हायचे. सगळ्या लाईन्स हंटिंगवर, म्हणजे डायल करायचा नंबर एकच आणि कॉल पहिल्या रिकाम्या लाईनवर जाणार. आता गंमत बघा, त्यातला एखादा मोडेम हँग झाला तरी एक्स्चेंजच्या लेखी ती लाईन रिकामीच, मग येणारा प्रत्येक कॉल तिथेच जाऊन आपटायचा आणि लोकांचे फोन सुरू, साहेब रिंग जातेय पण कोणी उचलतच नाही! मग आमच्यातल्या कोणीतरी उठायचं, लाईट बघत गप्प बसलेला मोडेम शोधायचा आणि स्विच बंद-चालू करायचा.

या प्रकाराला अपग्रेड हवंच होतं, पण नुसते नवे मोडेम आणून भागलं नसतं. ५६केच्या, म्हणजे सेकंदाला ५६ हजार बिटच्या, मोडेमचं व्ही.९० स्टँडर्ड १९९८ साली आलं, लोकांनी हौसेने घरी तसे मोडेम घेतले आणि आम्हाला झापायला लागले की ३३.६केच्या वर कनेक्टच होत नाही. होणारच नव्हतं. टेलिफोन नेटवर्क आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेतं, प्रत्येकी ८ बिट म्हणजे ६४के, त्यातले ७ बिट भरवशाचे धरले की ५६के, पण त्यासाठी आयएसपीच्या बाजूची लाईन डिजिटल लागते. आमची साधी अ‍ॅनालॉग, त्यामुळे सिग्नलचं एक रूपांतर जास्त आणि सगळं मुसळ केरात. पीआरआय ही डिजिटल लाईन घेतली तेव्हा ते सुटलं, तिच्या एका जोडणीवर (ई-वनवर) ३० कॉल आणि मोडेम सगळे एकाच डब्यात कार्डांवर. हंटिंगची कटकट पण गेली. हा खर्च पुरेपूर वसूल झाला.

पुढे व्ही.९२ हे सुधारित स्टँडर्ड आलं, अपलोड ४८केपर्यंत, झटपट कनेक्ट, मध्येच फोन आला तर मोडेम होल्डवर वगैरे. ज्यांच्या डब्यात ते सॉफ्टवेअर टाकून मिळत होतं त्यांचं ठीक, पण त्यासाठी सगळी कार्डं बदलणं मला तेव्हाही पटलं नव्हतं, कारण लोकांची बोंब असायची ती रात्री लागणाऱ्या एंगेज टोनची आणि पावसाळ्यात जॉइंटमध्ये पाणी शिरून लाईन तुटण्याची. त्यावर मोडेम काय करणार?

आता तर प्रश्नच उलटा झालाय. खालचं टेलिफोन नेटवर्कच आयपीवर चाललंय, म्हणजे आवाज इंटरनेटसारखा डेटाच्या छोट्या तुकड्यांत (पॅकेटमध्ये) जातो. बोलताना एखादं पॅकेट गळलं तर आपल्याला कळतही नाही, मोडेम मात्र तेवढ्यावरून अडखळतो नाहीतर सरळ डिस्कनेक्ट होतो, आणि आवाज दाबून लहान करून पाठवणारा कोडेक मध्ये असेल तर हँडशेकच, म्हणजे दोन मोडेमची सुरुवातीची जुळणीच, पूर्ण होत नाही. ब्रिटनमध्ये जुनं फोन नेटवर्क जानेवारी २०२७पर्यंत बंद करायचं ठरलंय. अमेरिकेत २०२३च्या जनगणना खात्याच्या पाहणीत नुसत्या डायल-अपवर असलेली सुमारे १ लाख ६३ हजार घरं निघाली, तरीही एओएल या तिथल्या जुन्या इंटरनेट कंपनीने ३० सप्टेंबर २०२५ला डायल-अप बंद केलं. देशात एवढी घरं असूनही एओएलने ते बंदच केलं तर छोट्या आयएसपीने नवी कार्डं कशाच्या जोरावर घ्यायची?

तुमच्या ओळखीचं कोणी अजून डायल-अपवर असेल तर त्यांच्या आयएसपीला स्पीडचं विचारू नका, स्पेअर कार्डं आणि पॉवर सप्लाय हाताशी आहेत का ते विचारा, बंद करणार असतील तर किती महिने आधी सांगणार ते विचारा, आणि मुख्य म्हणजे ईमेलचं विचारा. म्हाताऱ्या माणसांची बँकेपासून सगळीकडे आयएसपीनेच दिलेली आयडी असते, एओएलने निदान मेल तरी चालू ठेवलाय.